ऑक्टेन अंक आणि टर्बो इंजिनाची शक्ती

गेली अठरा वर्षे मी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हायड्रोकार्बनांचे प्रकरण शिकवीत आलो आहे. ऑक्टेन अंकाचा भाग आला की फळ्यावर दोन रेणू काढावयाचे, सरळ साखळीचे हेप्टेन आणि फांद्या फुटलेले आयसो-ऑक्टेन. पहिल्याखाली शून्य व दुसऱ्याखाली शंभर लिहावयाचे. आणि मग एक वाक्य वहीत उतरवून घ्यावयास सांगावयाचे : 'ऑक्टेन अंक जितका अधिक, तितके पेट्रोल अधिक शक्तिशाली.' हे वाक्य मला माझ्या शिक्षकांकडून मिळाले होते. त्यांना ते कोठून मिळाले, देव जाणे. परीक्षेत त्याला एक गुण असे आणि तो बहुतेकांना मिळे.

मागल्या वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थी टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या वडिलांचे उद्यमबागेत गॅरेज आहे. तो म्हणाला, "सर, पुण्याहून येताना बुलेटमध्ये शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरून आलो बघा. जवळजवळ दीडपट पैसे गेले. गाडीत काय फरकच पडला नाही की ओ."

मी म्हणालो, "तुला जाणवला नसेल."

"तसं नव्हे सर. तेच पेट्रोल दाजींच्या टर्बो गाडीत घातलं, तर चोर्ल्याच्या घाटात ती चांगली सुटली. पेट्रोल एकच, मग एका गाडीत ताकद आणि दुसरीत नाही, असं कसं?"

मला उत्तर देता आले नाही. 'उद्या सांगतो' म्हणून मी वेळ मारून नेली. तो उद्या उजाडावयास दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे वाचले, पदार्थविज्ञानाच्या आमच्या कन्नड विभागातल्या सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले आणि गॅरेजमध्ये उभे राहून जे पाहिले, ते येथे मांडीत आहे.

प्रथम शक्ती येते कोठून ते पाहू. पेट्रोलमधून, असे आपण चटकन म्हणतो. पण इंजिनाच्या दृष्टीने पेट्रोल ही सोपी गोष्ट आहे. हवे तितके फवारता येते. अवघड गोष्ट आहे हवा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि त्या किलोतून सुमारे ४४ मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे हिशेब हवेच्या बाजूने केला, तर एक किलो हवेमागे ३ मेगाज्यूल. आता इथेनॉल घ्या. त्याचा किलो जळून जेमतेम २७ मेगाज्यूल मिळतात, पेट्रोलच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. पण त्याला हवाही ९ किलोच लागते. भागाकार करून पाहा : पुन्हा ३ मेगाज्यूल! इंधन बदलले तरी हवेच्या किलोमागे मिळणारी उष्णता जवळजवळ तीच राहते. सिलिंडरमध्ये दर मिनिटाला किती किलो हवा कोंबता येते आणि तिच्या उष्णतेतले किती काम पिस्टनकडून करून घेता येते, या दोन गोष्टींवर शक्ती ठरते. साध्या पेट्रोलच्या आणि शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलच्या उष्मांकात सांगण्यासारखा फरक नाही. तेव्हा माझे वहीतले वाक्य येथेच निम्मे मोडले.

मग ऑक्टेन अंक मोजतो तरी काय? सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या थोडे आधी स्पार्क प्लगची ठिणगी पडते. ज्योत प्लगपासून निघून कडेपर्यंत पसरत जाते. जळालेला वायू फुगतो आणि कोपऱ्यात अजून न जळालेल्या मिश्रणाला आणखी दाबतो. दाबले की ते आणखी तापते. ज्योत तेथे वेळेवर पोचली तर सर्व सुरळीत. पण ती पोचण्यापूर्वीच ते कोपऱ्यातले मिश्रण आपल्या आपण पेटले, तर ते एकदम, सगळेच्या सगळे पेटते. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळू लागतात आणि हातोडीने ठोकल्यासारखा टकटक आवाज येतो. आपले मिस्त्री 'इंजिन नॉकिंग मारतंय' म्हणतात ते हेच. पिस्टनच्या माथ्यावर धातूला चिकटून असलेला वायूचा थंड थर या लाटांनी उडून जातो, उष्णता थेट ॲल्युमिनियमला लागते, आणि हे फार वेळ चालले तर पिस्टन कडेला वितळतो. विद्यार्थ्याच्या वडिलांनी असा एक पिस्टन मला दाखविला. उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी त्याची कड दिसत होती.

या आपोआप पेटण्याला इंधन किती विरोध करते, एवढेच ऑक्टेन अंक सांगतो. सरळ साखळीच्या हेप्टेनचे रेणू लवकर तुटतात आणि लवकर पेटतात; फांद्यांचे आयसो-ऑक्टेन बराच काळ दम धरते. १९२७ साली ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने या दोन द्रवांच्या मिश्रणाशी पेट्रोलची तुलना करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ९१ अंकाचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच दम धरणारे पेट्रोल. मोजपट्टीच्या शून्यासाठी लागणारे शुद्ध हेप्टेन त्या काळी कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या राळेतून मिळत असे. मोटारीच्या इंधनाची मोजपट्टी एका झाडाच्या चिकावर उभी राहिली, ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आवडावी.

हा अंक दोन रीतींनी मोजतात. दोन्हींत एकाच सिलिंडरचे, संपीडन गुणोत्तर चालू स्थितीत बदलता येणारे खास इंजिन वापरतात. रिसर्च रीतीत ते मिनिटाला ६०० फेरे फिरते आणि आत येणारी हवा ५२ अंश सेल्सिअस असते. मोटर रीतीत ९०० फेरे असतात आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापविलेले असते. पंपावर आपल्याला दिसतो तो रिसर्च रीतीचा अंक. येथे एक गंमत आहे. या दोन्ही रीती बसविल्या गेल्या त्या टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनांच्या काळात. या शतकाच्या आरंभी गौतम कलघटगी या इंधनशास्त्रज्ञांनी असे दाखविले की आधुनिक इंजिनांत, आणि टर्बो इंजिनांत तर विशेषच, मोटर अंक जास्त असणे हा गुण ठरत नाही. रिसर्च अंक सारखा असलेल्या दोन इंधनांपैकी ज्याचा मोटर अंक कमी, तेच नॉकिंगला अधिक विरोध करते. कारण टर्बो इंजिनात दाब भरपूर असतो, पण त्या दाबाच्या मानाने मिश्रण थंड असते, आणि मोटर रीतीची तापविलेली परिस्थिती तेथे उद्भवतच नाही. कलघटगी हे गाव धारवाडपासून किती लांब आहे, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

आता टर्बोकडे वळू. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुष्कळ शक्ती वाया जात असते. तिच्यावर एक छोटी टर्बाइन फिरवावयाची आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसविलेल्या पंख्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावयाची, ही टर्बोचार्जरची साधी कल्पना. एक लिटरच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनातून आज सुमारे १२० अश्वशक्ती निघते ती या कोंबलेल्या हवेमुळे. पण दाबलेली हवा तापते. सायकलला पंप मारताना पंपाचे तोंड हाताला चटकते, तोच हा प्रकार. सहकाऱ्यांनी मला करून दिलेला हिशेब देतो. तो हवा आदर्श वायू मानून केला असल्याने प्रत्यक्षातले आकडे थोडे कमी येतील, पण दिशा समजते.

बाहेरची हवा ३०० केल्विन, म्हणजे २७ अंश सेल्सिअस धरा. टर्बो नसलेल्या, १० संपीडन गुणोत्तराच्या इंजिनात ती दाबली की १० चा ०.४ वा घात म्हणजे सुमारे २.५१, त्याने गुणून ७५४ केल्विन होते. आता टर्बोने दाब दुप्पट केला. आदर्श पंख्यात हवा ३६६ केल्विनपर्यंत तापेल. पंख्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ३९४ पर्यंत. तीच हवा सिलिंडरात गेली तर संपीडनाअखेर सुमारे ९९० केल्विन! ठिणगीची वाटही न पाहता पेटण्याजोगी ही अवस्था. म्हणून मध्ये इंटरकूलर घालतात, म्हणजे गाडीच्या नाकाशी वाऱ्यावर बसविलेली जाळी. तिने हवा ३२३ केल्विनपर्यंत निवविली तर अखेर ८११ येते. यात दुहेरी लाभ आहे. न निवविलेल्या हवेची घनता बाहेरच्या हवेच्या दीडपट होती, निवविल्यावर ती १.८६ पट होते. तरीही ८११ हे ७५४ पेक्षा अधिकच, आणि शिवाय दाब दुप्पट. मिश्रण जितके दाट तितके ते लवकर पेटते. यावर जुना उपाय होता संपीडन गुणोत्तरच कमी करण्याचा. १० चे ८ केले की ८११ चे ७४२ होतात. परंतु ज्यांनी ऑटो चक्राचे सूत्र केले आहे त्यांनी ताडून पाहावे : गुणोत्तर १० असता आदर्श कार्यक्षमता ६० टक्के, ८ असता साडेछप्पन्न. टर्बोने एका हाताने दिले, नॉकिंगच्या भयाने दुसऱ्या हाताने थोडे काढून घेतले. या जागी ऑक्टेन अंकाचे मोल कळते. इंधनाने दम धरला तर गुणोत्तर उतरवावे लागत नाही, किंवा टर्बोचा दाब आणखी वाढविता येतो.

ही अडचण पहिल्यापासूनची आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो बसविलेली मोटार विक्रीस आली. तिच्या निर्मात्यांनी १०.२५ हे चांगले चढे गुणोत्तर कायम ठेवले आणि नॉकिंग आवरण्यासाठी मिथेनॉल व ऊर्ध्वपातित पाणी यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय केली. त्याची वेगळी टाकी होती, ती मालकाने भरावयाची. मालक विसरत. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब रोखला जाई आणि गाडी मंदावे. दोन वर्षांत ती मोटार बंद पडली. मला यातला माणसाच्या स्वभावाचा भाग रसायनाइतकाच खरा वाटतो.

शहाणपणाची वाट स्वीडनच्या साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखविली. इंजिनाच्या ठोकळ्यावर एक कान बसविला, म्हणजे थरथर ऐकणारा छोटा स्फटिकाचा तुकडा. नॉकिंगची थरथर सेकंदाला काही हजार कंपनांची, ठराविक सुराची असते. ती ऐकू आली की टर्बोची झडप उघडून दाब उतरवावयाचा, आणि शांत झाले की पुन्हा चढवावयाचा. यामुळे त्यांना गुणोत्तर ७.२ वरून ८.५ वर नेता आले, आणि मुख्य म्हणजे मालकाने पंपावर कोणतेही पेट्रोल भरले तरी इंजिन स्वतःच जुळवून घेऊ लागले. हलके पेट्रोल असेल तर शक्ती कमी, चांगले असेल तर अधिक, इजा कशानेही नाही. आजच्या टर्बो गाड्यांत हेच काम संगणक करतो. आधी ठिणगी काही अंश मागे सारतो, नंतर दाब उतरवितो. ठिणगी उशिरा पडली की दाबाचे शिखर पिस्टन बराच खाली गेल्यावर येते. काम कमी होते आणि उरलेली उष्णता धुराड्यात जाते.

दाजींच्या गाडीचे कोडे येथे सुटले. मे महिन्याची दुपार, गोव्याच्या बाजूने घाटाची चढण, चार माणसे आणि आंब्याच्या पेट्या. अशा वेळी संगणकाने ठिणगी मागे ओढून धरलेली असते. अधिक ऑक्टेनचे पेट्रोल मिळाल्यावर त्याने ती पुढे सोडली, आणि गाडी 'सुटली'. बुलेटमध्ये असा कान नाही, टर्बो नाही, आणि गुणोत्तरही माफक. ती साध्या पेट्रोलवर नॉकिंग करीतच नव्हती. मग न होणारी गोष्ट थांबवून काय मिळणार?

तथापि माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग मोटारीवर झालेला नाही. तो १९४० साली इंग्लंडच्या आकाशात झाला. स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते. त्यात हवा कोंबणारा पंखा दात्यांच्या चाकांवर फिरे, धुराच्या टर्बाइनवर नव्हे. पण सिलिंडरच्या आतली गोष्ट तीच. ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर वैमानिकाला वातावरणाहून दर चौरस इंचास सव्वासहा पौंड अधिक दाब वापरण्याची मुभा होती. त्या वर्षी १०० ऑक्टेनचे पेट्रोल आले आणि इंजिनात फेरफार करून ती मुभा १२ पौंडांवर नेण्यात आली. पहिल्या स्थितीत सव्वासोळा हजार फुटांवर १,०३० अश्वशक्ती मिळे, दुसऱ्या स्थितीत नऊ हजार फुटांवर १,३१०. आता वातावरणाचे १४.७ पौंड दोन्हीकडे मिळवा : २१ आणि २६.७. त्यांचे गुणोत्तर १.२७ आणि अश्वशक्तींचे गुणोत्तरही १.२७. दोन आकडे वेगवेगळ्या उंचीवरचे असल्याने हे जुळणे काहीसे योगायोगाचे आहे, पण शक्ती हवेमागे चालते हे त्यातून दिसते. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सव्वासोळा हजार फुटांच्या वर गेले की १०० ऑक्टेनचा काहीच फायदा नसे. तेथे हवा इतकी विरळ की पंख्याला सव्वासहा पौंडसुद्धा गाठता येत ना. पेट्रोल तेच, टाकीत भरलेले, महागडे. पण त्याने दिलेली मुभा वापरावयास हवाच नव्हती.

उलट बाजूचे उदाहरण १९८८ च्या फॉर्म्युला वन शर्यतींचे. नियमाने इंधनाचा अंक १०२ च्या वर जाऊ द्यावयाचा नव्हता आणि एका शर्यतीला १५० लिटर इंधनाची मर्यादा होती. होंडाच्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनासाठी ८४ टक्के टोल्युइन आणि १६ टक्के हेप्टेन असे इंधन वापरले गेले. होय, तेच शून्य अंकाचे हेप्टेन! टोल्युइनचा अंक १०२ च्या बराच वर. त्याला खाली ओढून नियमात बसविण्यासाठी ते घातले होते. टोल्युइन निवडले ते त्याच्या घनतेसाठीही, म्हणजे मोजून मिळणाऱ्या लिटरात अधिक वजन बसते. त्या इंजिनाने साडेसहाशेहून अधिक अश्वशक्ती दिली आणि त्या वर्षीच्या सोळांपैकी पंधरा शर्यती त्या इंजिनाच्या मॅक्लारेन गाड्यांनी जिंकल्या.

आपल्या पंपांवरचे चित्रही बदलले आहे. २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ मानकात साध्या पेट्रोलचा अंक किमान ९१ होता. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा अंक ९५ आहे. इथेनॉलचा स्वतःचा अंक शंभराच्या वर, शिवाय ते बाष्प होताना पेट्रोलच्या कितीतरी पट उष्णता शोषते आणि सिलिंडर आतूनच निववते. टर्बो इंजिनाला दोन्ही गोष्टी मानवतात. पण लिटरमागे उष्णता कमी असल्याने वीस टक्के मिश्रणात सुमारे सहा-सात टक्क्यांची घट येते, आणि 'ॲव्हरेज पडलं' ही लोकांची तक्रार त्या मर्यादेत अगदी खरी आहे. ९१ अंकासाठी जुळविलेल्या जुन्या बिनटर्बो गाडीला वाढलेल्या अंकाचा उपयोग नाही आणि घट मात्र सोसावी लागते. 'अंक वाढला आहे, मग तक्रार कसली?' असे म्हणणारे माझीच जुनी चूक करतात.

आम्ही एक प्रयोगही केला. विद्यार्थ्याने वडिलांचे तपासणी-यंत्र दाजींच्या गाडीला जोडले आणि एका रविवारी साध्या पेट्रोलवर, पुढल्या रविवारी महागड्या पेट्रोलवर, चोर्ल्याच्या त्याच वळणांवर ठिणगीचा कोन टिपत गेलो. दुसऱ्या रविवारी ठिणगी कमी मागे सरत होती, हे खरे. पण त्या दिवशी वळवाचा पाऊस पडून गेला होता आणि हवा गार होती. म्हणून ते आकडे मी येथे छापीत नाही. येत्या मे महिन्यात, एकाच दिवशी दोन्ही टाक्या वापरून, तो प्रयोग पुन्हा करावयाचा आहे. दाजी अद्याप तयार नाहीत.

या वर्षीपासून वहीतले वाक्य बदलले आहे : 'ऑक्टेन अंक म्हणजे दाब व उष्णता सोसूनही आपोआप न पेटण्याचे इंधनाचे सामर्थ्य.' २०२४ पर्यंतच्या ज्या विद्यार्थ्यांच्या हाती हा अंक पडेल, त्यांनी हायड्रोकार्बनांच्या प्रकरणातले ते जुने वाक्य कृपया खोडावे. त्याबद्दल मिळालेला एक गुण परत मागितला जाणार नाही.